करमाळ्याचा माळ आणि आपले पाय

“आम्हाला कशाला फिरायला जायला सांगता ताई? दिवसभर चालतोच की आम्ही!” वस्तीत रक्तदाब तपासायला बसलो की हे वाक्य हमखास ऐकू येते. म्हणणारी बाई खोटे बोलत नसते. पहाटे पाणी भरायचे, भाकरी थापायच्या, डबा बांधायचा, मग दुसऱ्याच्या रानात खुरपणीला नाहीतर कंदरकडच्या केळीच्या बागेत कामाला जायचे. दिवस मावळताना परत आले की पुन्हा चूल. रात्री गुडघे ठणकतात. दंडाला पट्टा बांधला की आकडा १६०/१०० दाखवतो. मग ती विचारते, “एवढे चालून काय उपयोग झाला?”

प्रश्न रास्त आहे. उत्तर असे की कामाचे चालणे आणि तब्येतीचे चालणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खुरपताना आपण वाकलेले असतो. दोन पावले पुढे गेलो की बसतो, पुन्हा उठतो. डोक्यावर पाटी, कमरेवर घागर, मनात मुकादमाची धास्ती. अशा श्रमाने अंग झिजते, पण काळीज आणि फुप्फुसे यांना सलग, एका लयीत काम मिळत नाही. मजुरीतल्या कष्टाचा शरीराला तेवढा लाभ होत नाही जेवढा मोकळ्या वेळेत केलेल्या व्यायामाचा होतो, असे जगभरच्या अनेक अभ्यासांतही दिसले आहे. शिवाय वस्तीतले सगळेच आता चालत नाहीत. तरुण पोरे चौकापर्यंतही मोटारसायकलवर जातात. वॉचमनची नोकरी करणारा रात्रभर खुर्चीत असतो. शिलाई मशिनवर बसलेली ताई चार-चार तास उठत नाही.

म्हणून या वेळच्या आरोग्य पानावर आम्ही औषधाविषयी न लिहिता करमाळ्याच्या आसपास कुठे, कसे आणि किती चालावे हे सांगणार आहोत.

दुसऱ्याच्या हुकमाचे चालणे

आपल्या आजा-पणज्यांनी किती चालले याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. महार वतनात गावचा निरोप तालुक्याला पोचवायचा, सरकारी टपाल आणि साऱ्याची रक्कम न्यायची, कोणाचे मरण झाले तर पाहुण्यांच्या गावोगाव सांगत जायचे, अंमलदार आला की त्याच्या दिमतीला धावायचे. रात्र असो, पाऊस असो, नाही म्हणायची सोय नव्हती. या वेठीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. अशी वतने रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडले. पुढे बाहत्तरच्या दुष्काळात आपल्या आया-आज्या दुष्काळी कामावर खडी फोडायला मैलोन्‌मैल गेल्या. तेही चालणे पोटासाठीच होते.

पण आपल्या माणसांनी स्वतःसाठी चालल्याचाही इतिहास आहे. २० मार्च १९२७ रोजी महाडला हजारो लोक रांगेने चवदार तळ्याकडे चालत गेले. सार्वजनिक पाणी, सार्वजनिक रस्ता आणि सार्वजनिक जागा यांवर आपलाही हक्क आहे, हे त्यांनी पायांनी सांगितले. भगवान बुद्ध तर आयुष्यभर पायी चारिका करत राहिले. चंक्रमणाचे, म्हणजे शांतपणे येरझाऱ्या घालत चालण्याचे, पाच लाभ त्यांनी भिक्खूंना सांगितले होते. त्यांत रोग कमी होणे आणि खाल्लेले नीट पचणे हेही आहेत.

आज गोष्ट आजारांची आहे. बाबासाहेबांना अखेरच्या वर्षांत मधुमेहाने आणि पायांच्या दुखण्याने किती छळले ते आपण वाचले आहे. तोच मधुमेह आता वस्तीतल्या कितीतरी घरांत आहे, आणि पुष्कळांना तो असल्याचे माहीतही नाही. पायाला जखम होते, ती चिघळते, बोट काळे पडते, तेव्हा दवाखाना आठवतो. तोवर उशीर झालेला असतो. कर्ता माणूस अंथरुणाला खिळला की घरच बसते.

चालल्याने नेमके काय होते

आपण भरभर चालतो तेव्हा मांडीचे आणि पोटरीचे मोठे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालले तरी वाढणारी साखर आटोक्यात राहायला मदत होते. नियमित चालणाऱ्याचा रक्तदाब काही आठवड्यांत थोडा खाली येतो. मांडीचे स्नायू बळकट झाले की गुडघ्यावरचा भार हलका होतो. झोप लागते. डोक्यातली घालमेल कमी होते, आणि कर्जाच्या, पोरांच्या काळजीने पोखरलेल्या माणसाला हे फार मोठे औषध आहे.

किती चालावे? जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सांगितला आहे. म्हणजे रोज अर्धा तास, आठवड्यातले पाच दिवस. वेग कसा ओळखायचा? चालताना शेजारणीशी बोलता आले पाहिजे, पण गाणे म्हणायला दम पुरू नये. गाणे म्हणता येत असेल तर वेग कमी आहे. दोन शब्द बोलतानाही धाप लागत असेल तर वेग जास्त आहे.

ज्यांनी कधीच असे चालले नाही त्यांनी पहिला आठवडा रोज दहा मिनिटे चालावे. मग दर आठवड्याला पाच-पाच मिनिटे वाढवावीत. महिन्या-सव्वा महिन्यात अर्ध्या तासावर याल. त्यानंतर महिन्यातून एखादा रविवार लांबच्या फेरीसाठी ठेवावा.

करमाळ्याभोवतीच्या जागा

आपला तालुका कोरडा. वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही बेभरवशाचा. बाभूळ, बोर, हिवर, लिंब आणि तरवड एवढीच काय ती हिरवाई. एप्रिल-मे मध्ये माळाकडे पाहिले तर वाळवंटच वाटावे. पण चालणाऱ्याला या माळासारखी जागा नाही. जमीन सपाट, हवा मोकळी, नजर लांबवर जाते आणि तिकीट लागत नाही. बागबगिचा किंवा जिम आपल्या वस्तीजवळ नसेल, माळ मात्र आहे.

*देवीचा माळ.* शहराच्या पूर्वेला कमलाभवानीचे देऊळ असलेला हा उंचवटा रोजच्या चालण्यासाठी सगळ्यात सोयीचा आहे. अठराव्या शतकात रावरंभा निंबाळकरांच्या काळात हे देऊळ बांधले गेले. तिथल्या बारवेला ९६ पायऱ्या आहेत. देवळात जायचे की नाही हा ज्याचा त्याचा विचार. आम्ही नवसाला जात नाही, चढ चढायला जातो. सपाट रस्त्यापेक्षा हलका चढ काळजाला चांगले काम देतो. ज्या घडवणाऱ्या हातांनी असली बारव खोदली आणि दगड रचला, ते हातही कष्टकऱ्यांचेच होते, एवढे पोरांना तिथे उभे राहून सांगावे. गुडघेदुखी असणाऱ्यांनी बारवेच्या पायऱ्या उतरू नयेत, वरूनच पाहावे. चढण्यापेक्षा उतरताना गुडघ्यावर ताण जास्त येतो.

*भुईकोट किल्ला.* करमाळ्याचा किल्ला डोंगरावरचा नसून सपाटीवरचा आहे, म्हणून त्याला भुईकोट म्हणतात. तोही निंबाळकरांच्याच काळातला. तटाच्या कडेकडेने चालले की चढ-उतार लागत नाही. ज्यांचे वय साठीच्या पुढे आहे, ज्यांना नुकताच मधुमेह कळला आहे, त्यांनी सुरुवात इथून करावी. घर जवळ, माणसांची वर्दळ आणि थकवा आला तर टेकायला कट्टा. पडक्या तटावर किंवा बुरुजावर मात्र चढू नये. दगड सुटलेले असतात आणि कपारीत साप असतो.

*मांगीचा तलाव.* करमाळ्याच्या उत्तरेला, नगरच्या रस्त्याच्या बाजूला हा जुना तलाव आहे. पाणी असेल त्या वर्षी सकाळी इथे गारवा असतो. मांगीपर्यंत एसटीने किंवा रिक्षाने जावे आणि तलावाच्या बाजूला चालावे. करमाळ्यापासून मोठ्या रस्त्याने पायी जाऊ नये. गळीत हंगामात उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या लावून धावतात, आणि पहाटेच्या अंधारात ट्रॉलीला मागे दिवा असेलच असे नाही.

*उजनीचा काठ.* तालुक्याच्या पश्चिमेला आणि दक्षिणेला भीमा आहे. १९८० साली पूर्ण झालेल्या उजनी धरणाने तिचा समुद्र केला. सुमारे ११७ टीएमसीचे हे धरण. भिंत माढा तालुक्यात, पण पाणी आपल्या कुगाव, वाशिंबे, केत्तूर, जिंतीपर्यंत पसरलेले. या पाण्याखाली गावे गेली, जमिनी गेल्या. त्यात ज्यांच्या नावावर जमीनच नव्हती त्यांना भरपाई तरी कशाची मिळणार? कडक उन्हाळ्यात पाणी खूप खाली गेले की जुन्या गावांच्या भिंती आणि देवळे उघडी पडतात. इंदापूरच्या बाजूचे पळसदेवचे जुने देऊळ असेच दिसू लागते. हिवाळ्यात इथे रोहित पक्षी उतरतात, ते पाहायला पुण्या-मुंबईची माणसे गाड्या भरून येतात. आपल्याला मात्र पुणे-सोलापूर रेल्वेमार्गावरची जेऊर, वाशिंबे, पारेवाडी, जिंती ही स्थानके तालुक्यातच आहेत. पॅसेंजरने उतरून गावकऱ्यांना वाट विचारत काठापर्यंत जावे, तास-दीड तास चालावे आणि परतीची गाडी पकडावी. कुटुंबाची एक दिवसाची सहल भाकरी-चटणीवर होते.

इथे दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. पाणी ओसरलेल्या जागी वरून कोरडा दिसणारा गाळ आत ओला असतो आणि त्यात पाय कमरेपर्यंत रुततो. पोरांना तिकडे सोडू नका. दुसरे, होडीचा मोह टाळा. २१ मे २०२४ रोजी कुगावहून कळाशीकडे जाणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. लाईफ जॅकेट नसेल किंवा आभाळ भरून आले असेल तर होडीत पाय ठेवू नये, मग नावाडी ओळखीचा असो की नात्यातला.

*माळढोकाचे रान आणि रेहेकुरी.* सोलापूर आणि नगर जिल्ह्यांतले गवताळ माळ राखण्यासाठी १९७९ साली माळढोक अभयारण्य जाहीर झाले. तेव्हा त्याचे क्षेत्र ८४९६ चौरस किलोमीटर होते आणि त्यात करमाळा तालुक्याचाही भाग होता. पुढे ते सुमारे १२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले. माळढोक पक्षी आता जवळजवळ दिसेनासा झाला आहे. पण काळवीट, खोकड, ससे, तितर आणि चंडोल अजून आहेत. अशा गवताळ जमिनीला कागदावर पडीक म्हणतात, आणि पडीक म्हटले की ती जमीन कोणीही बळकावायला मोकळा होतो. पण याच गवतावर धनगराची मेंढरे आणि आपल्या वस्तीतल्या शेळ्या जगतात. काळवीट जवळून पाहायचे असेल तर शेजारच्या कर्जत तालुक्यात रेहेकुरी अभयारण्य आहे. १९८० साली झालेले हे अभयारण्य अवघे २.१७ चौरस किलोमीटरचे. वनखात्याची परवानगी घेऊन ठरलेल्या वाटेनेच चालावे. पोरांनी आयुष्यात एकदा तरी काळविटाला उडी मारताना पाहावे. पुस्तकातल्या चित्रापेक्षा ते जास्त लक्षात राहते.

*परांड्याचा किल्ला.* सीना ओलांडली की धाराशिव जिल्ह्यातला परांडा तालुका लागतो. तिथला किल्लाही भुईकोटच आहे. भोवती खंदक, दुहेरी तट, आत तोफा. विजापूरची प्रसिद्ध मलिक-ए-मैदान तोफ आधी इथेच होती. आत फिरायला दोन तास आरामात लागतात. तटावर सावली नाही, तेव्हा नोव्हेंबर ते फेब्रुवारी याच काळात जावे.

*तेर.* हे थोडे लांबचे, पण वर्षातून एकदा विहाराची सहल काढावी असे ठिकाण. धाराशिव जिल्ह्यातले तेर म्हणजे प्राचीन तगर. दोन हजार वर्षांपूर्वी हे मोठे व्यापारी नगर होते आणि रोमन जगाशी त्याचा व्यापार चालायचा. तिथले आजचे त्रिविक्रमाचे देऊळ पाहा. विटांचे, मागची बाजू अर्धगोल. मुळात ते बौद्ध चैत्यगृह असावे असे अभ्यासक सांगतात. गावात वस्तुसंग्रहालय आहे, ते पाहिल्याशिवाय येऊ नये. गावातून पायी फिरले की तासाभराचे चालणे होते, आणि आपला इतिहास डोंगरातल्या लेण्यांपुरताच नाही हेही कळते.

ऊन आधी ओळखा

आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढे जातो. मार्च ते जून पहाटे साडेपाचला निघून आठच्या आत घरी या. सकाळी दहा ते सायंकाळी पाच या वेळेत व्यायाम म्हणून चालू नका. डोक्याला पांढरा सुती रुमाल किंवा पदर, अंगात सैल सुती कपडे. तासाभराच्या फेरीसाठी माणशी एक लिटर पाणी सोबत घ्या आणि तहान लागायची वाट न पाहता घोट-घोट प्या.

खूप घाम गेला, पेटके आले, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवून ते थोडे-थोडे द्या. हे पाणी घाम गेल्यावर द्यायचे औषध आहे. रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या माणसांनी ते सरबतासारखे रोज पिऊ नये, त्यांना एरवी साधे पाणीच बरे.

चालताना कोणी असंबद्ध बोलू लागले, तोल जाऊ लागला, अंग चटका बसेल इतके तापले, तर तो उष्माघात समजा. लगेच सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, ओल्या कापडाने मान, काखा आणि जांघा पुसत वारा घाला आणि १०८ ला फोन करा. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जाते.

पाय, काटा आणि साप

माळावर अनवाणी जाऊ नये, विशेषतः मधुमेहाच्या माणसाने. मधुमेहात पायाची जाणीव कमी होते. बाभळीचा काटा मोडून आत राहिला तरी कळत नाही. चप्पल नको, बंद बूट हवा. महागडा नको, आठवडी बाजारातला कापडी बूट चालेल, पण मापाचा हवा आणि आत सुती मोजा हवा. घरी आल्यावर पाय धुवून, बोटांच्या बेचक्या कोरड्या करून तळवा आरशात किंवा पोरांकडून पाहून घ्यावा. काटा रुतला, गंजका खिळा लागला तर धनुर्वाताचे इंजेक्शन सरकारी दवाखान्यात घ्यावे. तंबाखू, हळद-तेल किंवा शेण जखमेत भरू नये.

माळावर दगडाखाली फुरसे असते. नाग, घोणस आणि मण्यारही आपल्या भागात आहेत. दगड उलटवू नका, बिळात हात घालू नका, अंधारात बॅटरीशिवाय चालू नका. साप चावलाच तर त्या माणसाला चालवू नका. हात किंवा पाय फळी लावून स्थिर ठेवा. अंगठ्या, बांगड्या, जोडवी काढा. कापणे, चोखणे, दोरी आवळून बांधणे यांतले काहीही करू नका आणि मांत्रिकाकडे एक मिनिटही घालवू नका. विषावरची लस सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. जितक्या लवकर पोचाल तितके वाचाल.

डिसेंबर २०२० मध्ये आपल्या तालुक्यात बिबट्याने तिघांचा बळी घेतला होता. १८ डिसेंबरला त्याला ठार करण्यात आले. ती आठवण अजून ताजी आहे. उसाच्या फडाच्या कडेने झुंजूमुंजू किंवा दिवेलागणीला एकट्याने जाऊ नका. तिघे-चौघे मिळून, बोलत चला. लहान पोरांना मध्ये ठेवा. हातात काठी असू द्या, ती मोकाट कुत्र्यालाही उपयोगी पडते. कुत्रा चावला तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा.

कोणी आधी तपासून घ्यावे

तीस वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाची रक्तदाब आणि साखरेची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात विनामूल्य होते. फेरी सुरू करण्याआधी ती करून घ्या. ज्यांच्या छातीत चालताना दुखते, जिना चढताना धाप लागते, ज्यांना पूर्वी हृदयाचा झटका आला आहे, ज्यांच्या पायाला उघडी जखम आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय चढ चढू नये. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटी लांब चालू नये. खिशात चार चमचे साखरेची पुडी किंवा गुळाचा खडा ठेवावा. हात थरथरले, दरदरून घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली की तो लगेच तोंडात टाकावा आणि खाली बसावे.

तरुण बायकांनी रक्तातले हिमोग्लोबिनही पाहून घ्यावे. ते १२ पेक्षा कमी असेल तर थोड्या चालण्यानेही दम लागतो. मग लोक म्हणतात, हिला कामाचा कंटाळा. कंटाळा नाही, रक्त कमी आहे. लोहाच्या गोळ्या आरोग्य केंद्रात फुकट मिळतात. त्या जेवणानंतर घ्याव्यात आणि चहासोबत घेऊ नयेत. गरोदर बाईला दुसरी अडचण नसेल तर सपाट रस्त्यावरचे हलके चालणे चांगलेच, पण लांबची फेरी, ऊन आणि चढ नको.

बाईने चालायला जायचे म्हणजे

खरी अडचण बुटाची नाही, उन्हाचीही नाही. खरी अडचण घरातून निघण्याची आहे. “पहाटे पहाटे कुठे निघाली?” हा प्रश्न पुरुषाला कोणी विचारत नाही. बाई घागर घेऊन निघाली तर चालते, सरपणाला निघाली तर चालते, मोकळ्या हाताने निघाली की शेजारपाजाऱ्यांना बोलायला विषय मिळतो. वस्तीतल्या एका काकूंना डॉक्टरांनी रोज चालायला सांगितले होते. त्या पहिले पंधरा दिवस हातात रिकामी बरणी घेऊन जायच्या. कोणी विचारले तर सांगायचे, दुधाला चालले. आता त्यांच्यासोबत नऊजणी असतात आणि बरणी घरीच राहते. त्यांची साखर औषध आणि चालणे या दोन्हींनी आटोक्यात आली आहे.

म्हणून आमचे सांगणे असे की एकटीने सुरू करू नका. विहारासमोर पाचजणी जमा, वेळ ठरवा आणि निघा. पाचजणी असल्या की रस्त्यावरची टवाळ पोरे गप्प बसतात, कुत्री दूर राहतात आणि एकीने आळस केला तर दुसरी हाक मारते. सोबत एक मोबाईल, एक पाण्याची बाटली आणि १०८ हा आकडा तोंडपाठ असू द्या.

घरच्या पुरुषांनाही दोन शब्द. बायको अर्धा तास बाहेर गेली तर चहा तुम्ही करा, पोरांना तुम्ही उठवा. ती अंथरुणाला खिळल्यावर दवाखान्याच्या फेऱ्या मारण्यापेक्षा हा अर्धा तास फार स्वस्त पडतो. आणि ज्यांची संध्याकाळ गुत्त्यावर जाते त्यांनी तो रस्ता सोडून देवीच्या माळाचा रस्ता धरावा. अंतर फारसे जास्त नाही.

या महिन्याच्या पौर्णिमेला वंदनेनंतर विहारात दहा मिनिटे यासाठी ठेवा. कोण कोण चालणार त्यांची नावे एका वहीत लिहा. नावापुढे वजन, रक्तदाब आणि साखर लिहा. आशाताईंना बोलवा, त्या मोजून देतील. तीन महिन्यांनी पुन्हा मोजा आणि दोन्ही आकडे शेजारी-शेजारी ठेवा. आकडे कमी झालेले दिसले की पुढच्या माणसाला समजावत बसायची गरज पडणार नाही. वही कोणाकडे ठेवायची ते त्याच दिवशी ठरवा, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला विहारासमोर जमा.